दातकाकांचा शब्द

बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं, असं लहानपणी सगळ्यांनाच शिकवतात. आमच्या तळमजल्यावरच्या दातकाकांना ते कुणी शिकवलं नसावं. ते सरळ तोंडात बघत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते जिन्यात पहिल्यांदा भेटले आणि "नवी सूनबाई का?" असं विचारण्याच्याही आधी म्हणाले, "डावीकडची वरची दाढ किडतेय, दाखवून घ्या." मला असा काही राग आला! पुढे खरंच दाढ ठणकायला लागली तेव्हा तर तो आणखीच वाढला.

दातकाका कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवत. काका त्यात प्लास्टर ओतून साचा काढत, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवत आणि तिच्यात एकेक दात बसवत. मागे ओटा आणि मोरी असलेली एकच मोठी खोली होती, तेच घर आणि तेच दुकान. खिडकीशी त्यांचं टेबल, त्याच्या वरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. बाहेरून कुणी हाक मारली आणि आत डोकावलं, की आधी ते जबडे हसत आणि मग काकू. काकूंचं हसू जास्त चांगलं होतं, हे सांगायला नकोच.

माणूस शब्दाचा पक्का. मंगळवारी देतो म्हटलं की मंगळवारी, मग ताप असो की वीज गेलेली असो. आणि नाही म्हटलं की नाही. एकदा एका डॉक्टरांचा माणूस दारात उभा राहून ओरडत होता, पेशंट खुर्चीत बसलाय, आहे तशी द्या. काका म्हणाले, "खालचा दात एक केसभर उंच आहे, चावताना टोचेल. संध्याकाळी देईन म्हटलंय, संध्याकाळी देईन." तो माणूस पाय आपटत गेला आणि संध्याकाळी मुकाट्याने आला. शब्द फिरवणाऱ्या माणसांबद्दल काका ज्या तुच्छतेने बोलत, ती ऐकून मला कधीकधी वाटायचं, या माणसाचं एकदा तरी काहीतरी चुकायला हवं. वाटायचं खरं.

घर माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मी बाबा म्हणते. जन्मभर एका कचेरीत दुसऱ्यांची बिलं तपासली, त्यामुळे निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायचे आणि दुसरं काही सापडलं नाही की भाडेकरूला तपासायचे. भाडेकरार त्यांना तोंडपाठ होता. घर जुनं झाल्यामुळे जे मोडेल ते मालकाने दुरुस्त करायचं, वापरामुळे जे बिघडेल ते भाडेकरूने. ऐकायला किती सोपं! पण गळणारा नळ जुना झाला म्हणून गळतो की जोरात पिळला म्हणून, हे नळ थोडाच सांगणार आहे? एका वायसरवरून हे दोघे आठवडाभर भांडले होते. त्या आठवड्यात जिन्याखाली ठेवलेली पातेली रात्रंदिवस टपटपत होती आणि दोघेही तिच्यावरून उडी मारून जात होते. शेवटी वायसर मी आणला.

गंमत म्हणजे बाबांची कवळीसुद्धा काकांनीच केलेली. ज्याने दात दिले त्याच्यावरच दात धरून बसले होते आमचे बाबा.

पण त्या सकाळी जे झालं त्यात गंमत नव्हती. मी वर मशीन लावलं होतं. साबणाचं पाणी सुटलं आणि खालून काकूंची हाक आली, "अगं बंद कर, बंद कर!" मी धावत गेले. आमच्या कपड्यांचं काळं पाणी त्यांच्या मोरीतून उलटं वर येत होतं आणि ओट्याखालून खोलीत पसरत होतं. काका कवळ्यांचे डबे टेबलावर चढवत होते. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, साडी घोट्यांच्या वर धरून. मशीन बंद केलं, नळ बंद केले, तरी जिन्यातला पाइप गुरगुरतच होता.

प्लंबर आला. गरीब बिचारा उकिडवा बसून लांब स्प्रिंग आत सारत राहिला. ती सरसर गेली आणि वरची आणि खालची लाइन जिथे मिळते, त्या वाकणावर जाऊन अडली. त्याने जोर लावला, फिरवली, पुन्हा ठोकली.

"मऊ असतं तर निघालं असतं," तो म्हणाला. "हे टणक आहे. गंज धरलाय, नाहीतर काहीतरी आत आळलंय. फरशी फोडायला लागेल."

"गंजच," काका बाबांकडे वळून म्हणाले. "लोखंडी पाइप आहे, घर बांधलं तेव्हाचा. म्हणजे दादा, हे तुमच्याकडे आलं."

बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. "आळलंय असंही तो म्हणाला, ते ऐकलं ना? या घरात आळणारी वस्तू कोण वापरतं?"

"माझं प्लास्टर माझ्या बादलीबाहेर जात नाही."

आणि ते खरंही होतं. काकांची रीत आम्हाला सगळ्यांना माहीत होती. प्लास्टर कालवायच्या रबरी वाट्या ते मोरीत कधीच धूत नसत. त्यांच्यासाठी कोपऱ्यात वेगळी बादली होती. वाट्या तिच्यात धुवायच्या, बादली हलवायची नाही, संध्याकाळपर्यंत प्लास्टर तळाशी बसतं, वर नितळ पाणी राहतं. तेवढंच पाणी मोरीत ओतायचं, तळाचा गाळ कागदावर वाळवून कचऱ्यात टाकायचा. कुणी विचारलं नाही तरी ते हे समजावून सांगत.

"सांगायला काय जातंय!" बाबा म्हणाले. "उघडल्यावर प्लास्टर निघालं तर?"

"निघणार नाही."

"पण निघालं तर?"

दोघांचे आवाज चढले होते. प्लंबर खाली मान घालून स्प्रिंग पुसत होता. असल्या वेळी कोणीतरी मध्ये पडायचं असतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "निघालं तर खर्च माझा. आणि वर महिनाअखेरीला खोली सोडतो. माझा शब्द."

"शब्द?"

"शब्द."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, काय बोलताय काय तुम्ही?" त्यांचा आवाज घाबरलेला होता. या खोलीच्या आधी काका-काकूंना कितीतरी घरमालकांनी दारातूनच परत पाठवलं होतं. प्लास्टरची धूळ, घासायच्या मशीनची घरघर, मेण वितळल्याचा वास, हे सगळं चालवून घेणारं घर त्यांना एकदाच मिळालं होतं आणि ते आमचं होतं. काकूंचा तर त्या खोलीत जीव अडकलेला. अलीकडे त्या बाजारातसुद्धा जायच्या नाहीत, गुडघ्यांचं कारण सांगायच्या. आणि हा माणूस त्या खोलीवर पैज लावून मोकळा झाला! मला बाबांचाही राग आला. भांडण पाइपचं होतं, ते घरापर्यंत न्यायची काय गरज होती? पण तोंडातून गेलेलं परत गिळता येत नाही, निदान काकांना तरी येत नव्हतं.

दुपारी छिन्नी चालू झाली. घरात पाण्याचा थेंब वापरायची सोय नव्हती. खरकटी भांडी वर तशीच पडली होती, आणि आम्ही सगळे खालच्या खोलीत उभे. दगडी फरशी निघाली, खालची भर निघाली, मग तो काळा पाइप दिसायला लागला. बाहेरून तो अगदी गंजलेला होता, पापुद्रे सुटलेले. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात 'बघितलंस?' होतं. बाबांचा चेहरा पडला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. जाऊ दे खर्च झाला तर, म्हटलं मनात.

प्लंबरने वाकण कापून वर काढलं आणि तोंड आमच्याकडे केलं.

आत पांढरं होतं. गंजाचा लवलेश नाही, चिखल नाही. एकावर एक बसलेले पातळ थर, मधे बोट जाईल एवढंच भोक.

"प्लास्टर," प्लंबर म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला.

काकांनी तो तुकडा हातात घेतला, नखाने खरवडला, चिमटीत चोळला. माझ्या मनात आलं, आता म्हणतील की हे बांधकामाचं आहे, कुणा गवंड्याचं आहे. म्हणता आलं असतं. बाबांना थोडंच कळणार होतं! पण काका म्हणाले, "माझंच आहे."

बाबा जिंकले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ सरळ जिंकले होते. तरी ते फक्त कवळी जिभेने चाचपत राहिले.

"एका दिवसाचं काम नाही हे," प्लंबर सहज बोलून गेला. "रोज थोडं थोडं गेलंय. बादली ओततं कोण?"

"मीच... म्हणजे माझी कंबर धरल्यापासून ही ओतते." काका काकूंकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "तुला सांगितलं होतं ना, नितळ झाल्याशिवाय ओतायचं नाही म्हणून?"

"नितळ झाल्याशिवाय मी कधी ओतलं नाही."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

"ओरडू नका हो माझ्यावर. रोज वाकून बघते मी." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यांना रागही आला होता. चार माणसांत नवरा बोलला की कुणालाही येतो. "या इकडे. आजची बादली आहे ना, दाखवते तुम्हाला कशी बघते ते."

त्या कोपऱ्यात गेल्या. कशालाही न अडखळता, टेबलाला वळसा घालून, सरळ. सकाळी पाणी तुंबायच्या आधी काकांनी वाट्या धुतल्या होत्या, आणि मग सगळी उचलापाचल, दुपारभर छिन्नीचे दणके. बादली पांढरी धोप होती, दुधाने भरल्यासारखी. काकू तिच्यावर वाकल्या. नीट बघितलं. मग मान वर करून म्हणाल्या, "हे बघा. झालंय की नितळ. तळ दिसतोय."

प्लंबरने हातातला हातोडा हळूच खाली ठेवला. मी काकांकडे बघायचं टाळत होते आणि तरी बघत होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते बादलीजवळ गेले, काकूंच्या शेजारी वाकले आणि त्या पांढऱ्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "झालंय."

"मग?"

"बरोबर आहे तुझं. मीच मधे एकदोनदा घाईत ओतली असेल. माझ्याच लक्षात नाही." मग ते बाबांकडे वळले. "दादा, चूक माझी आहे. सांगितल्याप्रमाणे महिनाअखेरीला खोली रिकामी करतो."

मी दातकाकांना खोटं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. सवय नव्हती ना, धड जमलंही नाही.

नवा पाइप दुसऱ्या दिवशी यायचा होता. खड्ड्यावर फळी टाकून प्लंबर गेला. बाबा वर जाऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काही बोलणार आहात की नाही?" ते म्हणाले, "मी कशाला बोलू? शब्द त्यांनी दिला." मी चहाचा कप त्यांच्यासमोर जरा आपटूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आवराआवर सुरू केली. महिना संपायला अजून अवकाश होता, पण त्यांना काहीतरी हाताला हवं असणार. ते डबे घेऊन अंगणात गेले तशी मी खाली उतरले आणि काकूंना हळूच विचारलं, "काकू, कधीपासून?"

त्यांनी न समजल्याचं नाटक केलं नाही. "कडेकडेचं दिसतं गं," त्या म्हणाल्या. "मधलं गेलंय. तुझी वेणी दिसते, तोंड नाही दिसत."

"काकांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर हातातलं काम काढून घेतलं असतं त्यांनी. मग मी दिवसभर करायचं काय? त्यांच्या मशीनची घरघर ऐकत बसायचं?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "काल कळलं त्यांना. मला कळलं की त्यांना कळलं. पण बोलले नाहीत. मीही नाही बोलले."

एवढं बोलून त्या चहा टाकायला वळल्या. आणि मधे टेबल आलं. काकांनी जबड्यांची फळी काढायला म्हणून ते टेबल खिडकीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं होतं. काकूंची कंबर त्यावर जोरात आदळली. सावरायला म्हणून बाजूला झाल्या तर तिथे पुठ्ठ्याचं खोकं. तिथून मागे सरकल्या ते थेट खड्ड्यावरच्या फळीवर. फळी एका बाजूने उचलली. मी झडप घालून त्यांचा दंड धरला नसता तर त्या खाली गेल्या असत्या. काका आवाजाने धावत दारात आले. काकू दोन्ही हात पुढे करून खोलीच्या मधे उभ्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या खोलीत, आणि विचारत होत्या, "ओटा कुठे गेला? अहो, ओटा कुठल्या बाजूला आहे?"

काकांनी त्यांचा हात धरून ओट्यावर नेऊन ठेवला. मग टेबल परत खिडकीशी सरकवलं, अगदी पूर्वीच्या जागी, पायांचे फरशीवर डाग पडले होते त्यांच्यावर बरोबर. खोकी बाहेर काढली. जबड्यांची फळी ठोकून वर बसवली. स्टूल, सुरई, काकूंच्या चपला, एकेक वस्तू होती तिथे ठेवली. कंबर धरलेला माणूस, पण मला हात लावू दिला नाही. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी सदरा बदलला आणि ते जिना चढायला लागले.

मीही मागोमाग वर आले. ते दारातच उभे राहिले. बाबा "या" म्हणाले तरी आत आले नाहीत.

"दादा, मी काल जो शब्द दिला..." ते थांबले. इथे त्यांची गाडी अडली. मी आयुष्यात कुणाला इतक्या कष्टाने चार शब्द बोलताना बघितलेलं नाही. "तो मी मागे घेतो. आम्हाला इथेच राहू द्या."

बाबांनी मान वर केली.

"तिला इथली सवय आहे," काका म्हणाले. "दुसरीकडे तिला नाही जमायचं. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. चार लोकांत सांगा, मी शब्द फिरवला म्हणून. पण राहू द्या."

मला वाटलं, आता बाबा काहीतरी तिरकस बोलतील. ही संधी त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. माझी जीभ शिवशिवत होती, त्यांनी एक जरी वाकडा शब्द काढला असता तर मी आज या घरात नसते, इतकं बोलले असते. पण बाबा खाली जमिनीकडेच बघत होते.

"राहा," ते म्हणाले. "पाइपचा खर्च मात्र तुमचा. वापराने बिघडलंय."

"माझाच."

"हं."

काका वळले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. दार उघडंच होतं. पावलं खाली पोचेपर्यंत बाबा ऐकत बसले. मग मला म्हणाले, "सूनबाई, मी रोज सकाळी फिरायला निघालो की तुझी काकू दार उघडून हसायची गं माझ्याकडे बघून. एक दिवस चुकवला नाही. मग ती कशी...?"

"तुमच्या चपला फटफट वाजतात, बाबा. जिन्यापासून ऐकू येतं."

त्यांनी दाराशी काढून ठेवलेल्या चपलांकडे बघितलं. तेवढ्यात खाली प्लंबर नवा पाइप घेऊन आला आणि त्याने हाक मारली. बाबा उठले, गॅलरीत गेले आणि खाली वाकून मोठ्याने म्हणाले, "हे बघ, पाइप टाकलास की फरशी एकदम सपाट बसव. कुठे काठ वर राहता कामा नये. माणूस अडखळतो."

प्लंबर म्हणाला, "फरशी माझ्या कामात धरलेली नाही साहेब, तिला गवंडी लागेल. त्याचे पैसे कुणी द्यायचे, आधी ठरवा तुम्ही दोघं."

"ठरवायचं काय त्यात?" बाबा खेकसले. "फरशी घराची आहे. घर माझं आहे. बोलाव गवंडी."